प्राणवायूची चावी

हॅलो? … हॅलो? … हो, पनवेल. पनवेलच बोलतंय. … सखूबाई गुरवीण, हो, मीच ती. जोडून द्या बाई. … हॅलो? … वेणू? तूच ना गं? … काय? अगं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. थांब जरा, ही गिरण…

महादेवशेठ! अहो महादेवशेठ, चार मिनिटं पट्टा थांबवता का? मुंबईहून धाकटी बहीण बोलतेय माझी. भात कुठे पळून जात नाही तुमचं! … हां. देव भलं करो.

बोल आता वेणू. … भाताच्या गिरणीत उभी आहे, देवळासमोरच्या. आमच्या आळीत फोन एवढाच. निरोप आला तशी निघाले, पायात वहाणासुद्धा नाहीत. … गोदूही आलीय. तिला कुठलं घरात चैन पडायला? माझी सून म्हणून काय झालं, तुझ्या लेकीची, जनीची ती मैत्रीण आधी. … हो, तिच्या भामालाही आणलंय. गोदू, तू दारातच थांब, तिथे वारा आहे. भामाला पोत्यावर बसव. … नाही गं भामा, गिरण बिघडली नाही, माझ्यासाठी थांबवलीय. … आवाज थांबला की हिला आधी कळतं बघ. हां वेणू. जनी कशी आहे?

… उतरला ना ताप? … देव पावला. … आणि बाळ? … आज नववा दिवस. हो, पत्र पोचलं, पत्रात होतं सगळं. सातव्या महिन्यात झाली, तीन रत्तलाची पोर, काचेच्या पेटीत ठेवलीय. … अगं रडू नको. तारघरात उभी आहेस, लोक बघतात. पदराने डोळे पूस. जीव आहे ना पोरीत? … मग झालं तर.

सटवी पुजलीस? … कुठे, वॉर्डात? … पेटीखाली कोरा कागद आणि लेखणी! नर्सबाईंनी ठेवू दिली? … भली बाई दिसते. … हो, दोन गेली जनीची, मला का ठाऊक नाही? मीच होते दोन्ही वेळा. … हो. … म्हणून तर रोज अभिषेकाला तिचं नाव घेते. … दूध पचतं का? … थेंबा-थेंबाने. पचलं पाहिजे बाई.

काय? … काय कमी केलं? … प्राणवायू? … कोणी? … तो तरुण डॉक्टर. बरं. काय म्हणतो? … 'लागेल तेवढाच.' … निळी पडली तर द्यायचा, रंग आला की कमी करायचा. … हो. … हो, ऐकतेय. … मग?

… वेणू. … वेणू, परत सांग. तू काय करतेस म्हणालीस?

… डॉक्टर जेवायला गेला की. … आणि आया काही म्हणत नाही? … तू तिचे पाय धरलेस आणि तिने तोंड फिरवलं. … चावी किती फिरवतेस? … पुरा एक फेरा. … कधीपासून? … तीन दिवस, दिवसातून दोनदा. आणि तो यायच्या आत परत खाली.

… नाही, नाही तुटला फोन. आहे मी. … नाही गं, रागावले नाही. मला एक सांग, हे तुला कोणी शिकवलं?

… हं. … हो. … हो, मीच. … भामाच्या वेळी तू रोज डबा घेऊन यायचीस, पेटीजवळ बसायचीस. तू पाहिलंस मला चावी फिरवताना. … हो, मीच म्हणाले होते, 'वेणू, यांचं काय ऐकायचं, पोर आपली आहे.' … 'अक्काने चावी वर ठेवली म्हणून भामा जगली.' हो. मीच सांगत आले ना सगळ्यांना. हळदीकुंकवाला सांगितलं, कीर्तनाला जमलेल्या बायकांना सांगितलं. सहा वर्षं सांगतेय. मग तू तेच करणार, दुसरं काय करणार?

ऐक आता माझं. त्या चावीला हात लावू नको. … अगं ऐक ना! … नाही, गरीब वॉर्ड म्हणून हात आखडतात असं नाही. मलाही तेच वाटलं होतं. … नाही गं. वय कमी असेल त्याचं, पण तो बरोबर करतोय. … कशावरून म्हणजे? … मला ठाऊक आहे म्हणून. … ठाऊक आहे म्हणते ना!

… हो बाई, ऐकलं, तीन मिनिटं झाली. वेणू, वाढवून घे. काही झालं तरी वाढवून घे. … घेतलीस? बरं.

सांगते. दोन महिन्यांपूर्वी मी मुंबईला येऊन गेले. … नाही, तुझ्याकडे नाही आले. सकाळच्या एस.टी.ने आले आणि संध्याकाळी परत. भामाला अंधांच्या शाळेत घालायचं तर डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद लागतो, म्हणून. गोदू शिरढोणला गेली होती माहेरी, भावाच्या लग्नाला. म्हटलं, ती यायच्या आत काम उरकून टाकू. … तर तो डॉक्टर… त्याने भामाचे डोळे पाहिले आणि मला… त्याने विचारलं…

… काय? … ऐकू येत नाही? … अगं, हळूच बोलतेय मी. … नाही बोलता येत मोठ्याने. … आता कसं सांगू तुला? गिरण बंद आहे ना इथे. टाचणी पडली तरी… आणि दारात… समज ना गं तू. दारात कोण उभं आहे ते सांगितलं ना मघाशी.

… 'ऐकू येत नाही, ऐकू येत नाही'! थांब.

महादेवशेठ, गिरण जरा चालू… … नको. नको, राहू दे. बंदच असू दे.

वेणू, आता मोठ्याने सांगते. एकदाच सांगते.

डॉक्टरने विचारलं, 'आजी, ही महिने भरायच्या आत झाली का?' म्हटलं, हो, सातव्यात. 'पेटीत होती का?' होती. 'प्राणवायू किती दिवस?' मी अभिमानाने सांगितलं गं! म्हटलं, चाळीस दिवस, एक घटका खंड पडू दिला नाही. तुमच्या लोकांनी कमी केला की मी वाढवायची. … त्याने भामाच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाला, 'आजी, डोळे त्यानेच गेले.'

… हो. प्राणवायूने. … मी पण तेच म्हटलं, प्राणवायूने कसे जातील? त्याने तर जीव राहतो. तर त्याने पाटी-पेन्सिल घेतली आणि काढून दाखवलं. सातव्या महिन्यात बाळाच्या डोळ्याच्या मागचा पडदा पुरा झालेला नसतो. त्यावर रक्ताच्या नळ्या पसरत असतात, केसाहून बारीक. मांडवावर वेल चढते ना, तशा. प्राणवायू फार झाला की त्या मिटतात, पुढे वाढत नाहीत. आणि मग पेटीतून बाहेर काढलं की भलत्याच फुटतात, वेड्यावाकड्या, आणि तो पडदाच ओढून सोडवतात. … हो, दोन्ही डोळ्यांचा. … नाही, नाही येत परत. काही करून येत नाही. मी त्याला दहा वेळा विचारलं.

… नाही गं, त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हतं. मोठमोठे डॉक्टर सढळ हाताने द्यायचे, जीव वाचावा म्हणून. आत्ता दोन-तीन वर्षांत परदेशात शोध लागला, तिथेही शेकड्यांनी मुलं अशीच झाली म्हणे. त्यांच्यावर रुसून काय करू? त्यांनी दिला तो न कळून दिला. पण त्याच्यावर आणखी जो गेला, वेणू, तो माझ्या हाताने गेला. वॉर्डातली ती बुटकी नर्स आठवते? चष्म्याची? ती कमी करून जायची. तिला काय वाटलं होतं देव जाणे. म्हणायची, 'आजीबाई, हिचा रंग चांगला आहे, आता एवढा नको.' आणि तिची पाठ वळली की मी…

… का म्हणजे? गुरवीण ना मी. लग्न होऊन आले त्या दिवसापासून माझ्या हाताला एकच वळण. नंदादीप विझू द्यायचा नाही. वात खाली बसली की बोटाने वर सारायची. झोपेतसुद्धा हे बोट हलतं माझं, तुझे भावजी हसायचे. ती चावी पाहिली आणि मला वातच दिसली गं. आणि त्यात हॉस्पिटलच्या मागच्या देवळात चातुर्मासाचं कीर्तन. बुवा निरूपणात म्हणाले, 'श्वास हीच वात आणि नाम हेच तेल, क्षणाचाही खंड पडू देऊ नका.' माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. वाटलं, देवच बोलतोय, माझ्याशीच बोलतोय. तशीच उठले, वॉर्डात आले आणि अर्धा फेरा वाढवला.

… बुवांचा काय दोष! तेच बुवा गेल्या महिन्यात आमच्या देवळात आले होते. उत्तररंग झाला, आरती झाली, सगळे पांगले, तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. त्यांना एकट्यालाच सांगितलं. त्यांनी हातातल्या चिपळ्या खाली ठेवल्या. म्हणाले, 'आई, मी नामाचं बोललो हो, नळकांड्याचं नव्हे.' आणि रडले माझ्याबरोबर. मग म्हणाले, 'माझ्यापुढे बोललात, बरं केलंत. आता जिच्यापुढे बोलायला हवं, तिच्यापुढे बोला.' … मी हो म्हटलं आणि घरी येऊन भाकऱ्या थापायला बसले. रोज म्हणते उद्या सांगेन. एक महिना झाला.

आणि वेणू, नंदादीपाचंही खरं सांगू? वात नको तेवढी वर सारली की काय होतं, ते गुरवाच्या घरात पोरासोरांना ठाऊक असतं. धूर धरतो. देवाच्या मुखवट्याचे चांदीचे डोळे काळे होतात. दर सोमवारी चिंच लावून मी ते घासते. तीस वर्षं घासतेय. हातातलं एवढं ज्ञान, पण पेटीपुढे बसले तेव्हा आठवलं नाही.

… काय म्हणालीस? … ग्रहण?

… हो. … हो, तेव्हा मीच म्हटलं होतं. पोटुशी असताना गोदूने ग्रहण पाळलं नाही, ग्रहण लागलेलं असताना उठून पाणी प्यायली, म्हणून पोर आंधळी झाली. … तुलाही मीच सांगितलं. तू आणखी चार जणींना सांगितलंस.

खोटं आहे ते, वेणू. खोटं. तिला तहान लागली, ती पाणी प्यायली. त्याने काही झालं नाही. … नाही म्हणते ना! डॉक्टरला मी तेही विचारलं. तो हसला नाही. म्हणाला, 'आजी, मुलीचा दोष काढू नका.' … सहा वर्षं मी तिला नंदादीपाला हात लावू दिला नाही. सणाला समईसुद्धा नाही. चार बायकांत म्हणायची, 'तिच्या हाताला लाभ नाही.' आणि ती पोर ऐकून घ्यायची. उलट एक शब्द नाही. वर मलाच विचारायची, 'आत्या, तुमचे गुडघे दाबू का?'

… नाही, मी रडत नाही. … भामा, काही नाही गं बाळा. आजी फोनवर मोठ्याने बोलतेय, एवढंच. तू तिथेच बस.

… हो. ऐकलं तिने. दारातच आहे. … नाही, बघत नाहीये माझ्याकडे. खांबाला धरून उभी आहे. हमालही ऐकताहेत. ऐकू दे. ज्यांच्या देखत बोल लावला त्यांच्या देखतच काढून घ्यायला हवा.

आता तू माझं ऐकशील ना?

… कमी केला आणि जीव गेला तर?

… वेणू, तुला खोटं सांगणार नाही. जाऊही शकतो. डॉक्टरच म्हणाला, फार झाला तर डोळे, कमी पडला तर जीव. दोन्हीच्या मधून न्यायचं असतं म्हणे, फार अवघड असतं. म्हणूनच ती चावी त्याच्या हातात राहू दे. तो पोरीचा रंग बघून देतो, श्वास मोजून देतो. आपण काय बघून देतो? आपल्या पोटातली भीती बघून देतो. … हो. … हो गं राणी, मला कळतं. दोन गेलीत. तिसरी जाऊ नये म्हणून तू हात पुढे केलास. माझाही हात प्रेमानेच पुढे झाला होता. त्याने भामाचे डोळे राहिले का?

… तीन दिवसांत काय झालं असेल ते मी कशी सांगू? भामाला चाळीस दिवस होता. तुझे तीन दिवस, त्यातही थोडा-थोडा वेळ. देवाच्या मनात असेल तर काही झालं नसेल. पण डॉक्टरला कळलं पाहिजे. तूच सांगायचंस. तीन दिवस, दोनदा, एक फेरा, जसं मला सांगितलंस तसं, काही न लपवता. म्हणजे तो बाळाचे डोळे तपासत राहील. … रागावू दे. … वॉर्डातून बाहेर काढू दे, बाहेर बाकावर बसून जप कर. … त्या आयाचं नाव घेऊ नको. तू पाय धरलेस म्हणून ती गप्प बसली, तिच्या पोटावर पाय नको. … जनीला आज नको सांगू. अंगात बळ येऊ दे तिच्या. पण सांग. माझ्यासारखी सहा वर्षं लावू नको.

शपथ घे. … देवाची नको. देव माफ करतो, हे आपल्याला ठाऊक असतं. भामाची घे. … घेतलीस. … बरं.

चारला येतो ना डॉक्टर? मग तू आधीच जाऊन… … वेणू, एक मिनिट. तू आत्ता तारघरात आलीस ती वॉर्डातूनच ना? … डॉक्टर जेवायला गेला तेव्हा. … आणि यायच्या आधी… … वेणू! आत्ता चावी कुठे आहे?

… वर?

… आत्ता वर आहे? मी इथे तुला गोष्ट सांगत बसलेय आणि तिथे… अगं, मघाशी का नाही बोललीस! … जा. पळ. … नाही, नाही, ऐक, तू हात नको लावू! खाली करायलाही नको. तुझ्या हाताला आता कळणार नाही कुठे थांबायचं. आधी त्या नर्सबाईला गाठ, जिने सटवीचा कागद ठेवू दिला तिला. म्हण, 'बाई, मी वाढवलाय, तुम्ही बघा.' एवढंच म्हण. मग डॉक्टर. … किती लांब आहे? … रस्ता ओलांडला की झालं ना. मोटारी बघून जा. … माझं काय विचारतेस, माझं मी बघेन! … ठेव. वेणू, ठेव फोन आधी. … बाई, वाढवू नका, काही वाढवू नका, तोडून टाका…

हॅलो? … वेणू? … हॅलो?

… गेली.

महादेवशेठ, हे कुठे ठेवायचं? … असं? … बसलं नाही वाटतं नीट. … हां. … तुमचा खोळंबा झाला हो. सगळं ऐकलंत, ऐकलंत ते बरंच झालं. … हो, करा गिरण चालू.

… नाही, थांबा. थांबा जरा, पट्टा नका चढवू. गोदूचे ओठ हलताहेत. काय म्हणते ते मला ऐकू येऊ दे.